गृहशिक्षण (महाराष्ट्र)

मुलाला नियमित शाळेत न घालता पालकांनी घरीच, किंवा दोन-चार कुटुंबांनी मिळून, शिकवणे म्हणजे गृहशिक्षण. बोलण्यात ‘होमस्कूलिंग’ हाच शब्द रुळला आहे. खासगी शिकवणी किंवा करोनाकाळातले ऑनलाइन वर्ग यात धरले जात नाहीत, कारण तिथे मूल कोणत्या ना कोणत्या शाळेच्या पटावर असते. गृहशिक्षणात ते पटावर नसते आणि पुढच्या बहुतेक अडचणी या एकाच गोष्टीतून निघतात. शिकवण्याची रीत घरागणिक वेगळी असू शकते. दाखला, वयानुरूप प्रवेश आणि दहावीची परीक्षा हे प्रश्न मात्र सगळ्यांपुढे सारखेच येतात. त्यामुळे शाळेत परतीची वाट मूल सहा वर्षांचे असतानाच ठरवून ठेवावी लागते. ते चौदा वर्षांचे झाल्यावर धावाधाव करून भागत नाही.

कायद्यातील स्थान

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ (रोजच्या भाषेत आरटीई) १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे आणि तो ६ ते १४ वयोगटाला लागू होतो. मुलाला परिसरातल्या शाळेत दाखल करणे हे त्याच्या कलम १० नुसार पालकाचे कर्तव्य आहे. ते न पाळणाऱ्या पालकाला शिक्षा मात्र या अधिनियमात कुठेही सांगितलेली नाही. गृहशिक्षणाला परवानगी देणारे, त्याची नोंदणी करणारे किंवा तपासणी करणारे कलमही त्यात नाही. त्यामुळे शिक्षणाधिकाऱ्यांकडे ‘होमस्कूलिंगची परवानगी’ मागायला जाण्यात अर्थ नसतो, कारण तसा अर्जाचा नमुनाच नाही. पैसे घेऊन ‘मान्यताप्राप्त होमस्कूल’चे प्रमाणपत्र देऊ करणारा कोणी भेटला, तर ते प्रमाणपत्र कोणत्या मंडळाचे आहे एवढे आधी विचारावे.

अपवाद एकच आहे. २०१२च्या दुरुस्तीने बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना गृहाधारित शिक्षणाचा पर्याय दिला. अशा मुलाचे नाव जवळच्या शाळेच्या पटावर राहते आणि गटसाधन केंद्रातले विशेष शिक्षक घरी येऊन शिकवतात. ‘गृहाधारित’ आणि ‘गृहशिक्षण’ या दोन शब्दांची कार्यालयात वारंवार गल्लत होते. अर्जात शब्द जपून वापरावा, नाहीतर अपंगत्वाचे प्रमाणपत्र मागितले जाते.

सलग ३० दिवसांहून अधिक गैरहजर असलेले मूल महाराष्ट्रात शाळाबाह्य धरले जाते. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणात शिक्षक दारी येतात तेव्हा दार लावून घेणे किंवा ‘मूल मामाकडे शिकते’ असे सांगणे ही चूक ठरते. जन्मदाखला, पूर्वीच्या शाळेचा दाखला असल्यास त्याची प्रत आणि चालू वर्षाची कामाची फाइल समोर ठेवावी. शिक्षकानेही ‘घरी शिक्षण सुरू’ असे, जे आहे तेच लिहावे. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवणे ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे आणि खरी नोंद पुढे कुटुंबाच्याच कामी येते.

पटावर नाव, मूल घरी

ही तडजोड सर्रास दिसते आणि ती टाळायलाच हवी. शाळेला पट हवा असतो, कारण संचमान्यतेत (शाळेची शिक्षकपदे मंजूर करताना) पदे विद्यार्थिसंख्येवर ठरतात. कुटुंबाला दाखला हवा असतो. दोघांची सोय होते, पण हजेरीपत्रक खोटे होते. तपासणीत ते उघडे पडले तर मुख्याध्यापकावर कारवाई होते आणि मुलाचा दाखला अडकतो. दहावीला ७५ टक्के हजेरी लागते, तिथेही हे प्रकरण अंगाशी येते. घरीच शिकवायचे ठरले असेल तर नाव रीतसर कमी करून घ्यावे.

शाळेतून काढताना पुढील गोष्टी हातात आल्याशिवाय बाहेर पडू नये: शाळा सोडल्याचा मूळ दाखला, शेवटच्या वर्षाचे प्रगतिपुस्तक, आणि सरल व युडायस प्लस या सरकारी ऑनलाइन नोंदप्रणालींवरचे विद्यार्थी क्रमांक. युडायसचा ‘पेन’ (विद्यार्थ्याचा कायम शिक्षण क्रमांक) तर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. दाखल्यावरची जन्मतारीख, आईचे नाव, आडनावाचे लेखन आणि जात जनरल रजिस्टरशी (शाळेच्या प्रवेशाच्या नोंदवहीशी), तसेच जन्मदाखल्याशी ताडून पाहावी. चूक त्याच दिवशी दुरुस्त करून घ्यावी, कारण शाळा सोडल्यावर जन्मतारखेतला बदल फार अवघड होऊन बसतो.

पाचवी पूर्ण होण्याआधी मूल काढायचे असेल तर जरा थांबून विचार करावा. कारण पुढे परीक्षांच्या भागात आले आहे.

घरचे शिकवणे

अधिनियमाच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस व ८०० तास आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १,००० तास सांगितले आहेत, म्हणजे दिवसाला चार ते साडेचार तास. हे शाळांसाठी आहे. घरी एका मुलामागे एक मोठे माणूस असते. त्यामुळे पहिली-दुसरीला तास-दीड तास, तिसरी ते पाचवीला दोन-अडीच तास आणि पुढे तीन-चार तास नीट बसून केलेले काम पुरते. शाळेचे वेळापत्रक घरात जसेच्या तसे मांडणारी कुटुंबे लवकरच थकतात.

पुस्तकांसाठी बालभारती सोयीची. १९६७ साली स्थापन झालेल्या या मंडळाची पाठ्यपुस्तके ई-बालभारतीवर पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. इतिहास, विज्ञान, परिसर अभ्यास हव्या त्या क्रमाने शिकवावेत. गणिताचा क्रम मात्र पुस्तकाप्रमाणे ठेवावा, कारण शाळेत परतलेले मूल सर्वांत आधी गणितात अडते.

घरी शिकणारी मुले बोलण्यात आणि वाचनात बहुधा पुढे असतात, लिहिण्यात मागे पडतात. गणितातल्या चुका झाकल्या जातात, कारण शेजारी बसलेली आई किंवा बाबा नकळत ‘हं, आता?’ म्हणत सुचवत राहतात. हे ओळखायला एक छोटी तपासणी पुरते. कोऱ्या कागदावर ५०३ – २४७ लिहून द्यावे आणि खोलीबाहेर जावे. २५६ आले तर ठीक. ३४४ आले तर मूल प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करत आहे: ७ मधून ३, ४ मधून ०, ५ मधून २. म्हणजे शून्यापलीकडून उसने घेणे त्याला उमगलेले नाही. तसेच ६१८ भागिले ६ द्यावे. उत्तर १३ आले तर १०३ मधले शून्य गळाले आहे, म्हणजे भागाकारातली स्थानिक किंमत पक्की नाही. अशा वेळी आणखी दहा गणिते घालण्याऐवजी दशकांच्या जुड्या आणि सुट्या काड्या पुन्हा हातात द्याव्यात. मराठीसाठी न वाचलेला उतारा मोठ्याने वाचून घ्यावा आणि त्यातल्याच पाच ओळी श्रुतलेखन म्हणून घालाव्यात. रफार, जोडाक्षरे आणि ऱ्हस्व-दीर्घ कुठे चुकते ते लगेच दिसते.

नोंद साधी असावी. दरवर्षी एक फाइल, महिन्याला एक पान: काय शिकवले, कोणते पुस्तक, कुठे अडले. प्रत्येक विषयाचे तिमाहीला तीन नमुने तारीख घालून लावावेत. त्यात चुकलेले कामही असावे. नुसती सुंदर पाने लावलेल्या फाइलवरून शाळेला मुलाबद्दल काहीच कळत नाही. सगळ्या वह्या जपून ठेवायची गरज नाही.

परीक्षांच्या वाटा

राज्य मंडळाची दहावी शाळेबाहेरून द्यायची तर १७ नंबरचा अर्ज भरावा लागतो. तो ऑनलाइन असतो आणि त्याला शाळा सोडल्याचा मूळ दाखला, आधारकार्ड व छायाचित्र लागते. मूळ दाखला हरवला असेल तर द्वितीय प्रत आणि प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. किमान पाचवी उत्तीर्ण होऊन शाळा सोडलेली असावी लागते. तिसरीत काढलेले किंवा शाळेत कधीच न गेलेले मूल या अटीवर अडकते, ते अर्जाच्या वेळी लक्षात येते आणि तोवर उशीर झालेला असतो. अर्ज भरल्यावर एक संपर्क केंद्र मिळते. अंतर्गत मूल्यमापनाचे काम त्या शाळेत द्यायचे असते आणि ते राहून गेल्यामुळे गुण गेल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. भाषेची ८० गुणांची उत्तरपत्रिका तीन तासांत लिहायची असते, गणित आणि विज्ञानाचे प्रत्येकी दोन भाग ४० गुणांचे व दोन-दोन तासांचे असतात. घरी शिकलेल्या मुलाने किमान सहा महिने आधीपासून घड्याळ लावून पूर्ण उत्तरपत्रिका लिहाव्यात. उत्तरे येत असूनही पेपर अपुरा राहणे ही त्यांची नेहमीची अडचण आहे.

दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची. १९८९ साली राष्ट्रीय मुक्त विद्यालय म्हणून तिची सुरुवात झाली, पुण्यात तिचे विभागीय केंद्र आहे. दहावीसाठी वयाची १४ आणि बारावीसाठी १५ वर्षे पूर्ण लागतात. आठवीचे प्रमाणपत्र नसल्यास दहावीला स्वयंघोषणा चालते, म्हणून कधीच शाळेत न गेलेल्या मुलाला ही वाट सर्वांत मोकळी आहे. दहावी मराठी माध्यमातूनही देता येते. किमान पाच विषय घ्यावे लागतात. नोंदणी पाच वर्षे चालते आणि त्यात सार्वजनिक परीक्षेच्या नऊ संधी मिळतात, त्यामुळे दोन-दोन विषय करत पुढे जाता येते. शिक्षकांकडून तपासल्या जाणाऱ्या स्वाध्यायांना २० टक्के भार आहे आणि ते ठरल्या मुदतीतच द्यावे लागतात. उत्तीर्ण व्हायला लेखी आणि प्रात्यक्षिकात वेगवेगळे ३३ टक्के हवेत. अभ्यास केंद्र घराजवळचे निवडावे, नाहीतर प्रात्यक्षिकांसाठी दर वेळी प्रवास घडतो. अभियांत्रिकीकडे जायचे असेल तर बारावीचे पाचही विषय पूर्ण असावेत, जेईईला चार विषयांचे गुणपत्रक चालत नाही.

सहा ते चौदा वयोगटासाठी एनआयओएसचे अ, ब, क स्तर आहेत. ते अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीशी समकक्ष आहेत. २०१७ साली स्थापन झालेले महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळही पाचवी, आठवी आणि दहावीच्या परीक्षा घेते. मूल शाळेत परतेल की नाही हे ठरत नसेल, तर यांपैकी एक आठवीचा कागद हाती असणे फार मोलाचे. आरटीईचे वयानुरूप प्रवेशाचे दार आठवीपर्यंतच उघडे असते (त्यातही सहावीपासून पाचवीची परीक्षा उत्तीर्ण असण्याची अट आहे), नववीला शाळा आठवी उत्तीर्ण असल्याचा पुरावा मागते.

मुख्याध्यापकांसाठी

घरी शिकलेले मूल प्रवेशाला आले की क्रम एकच: आधी दाखल करून घेणे, मग चाचणी. प्रवेशाआधी मुलाची किंवा पालकांची परीक्षा घेण्यास कलम १३ मनाई करते. दाखला नाही म्हणून (कलम ५), वयाचा पुरावा नाही म्हणून (कलम १४) किंवा वर्ष अर्ध्यावर आले म्हणून (कलम १५) नकार देता येत नाही. कलम ४ नुसार वर्ग वयावरून ठरतो. राज्याच्या २०२३च्या नियमांनुसार सहावी ते आठवीत बसवताना मात्र पाचवीची परीक्षा उत्तीर्ण असावी लागते, नाहीतर मूल पाचवीत बसते. पहिलीसाठी ३१ डिसेंबरला सहा वर्षे पूर्ण हा हिशेब धरला, तर त्या तारखेला दहा पूर्ण असलेले मूल पाचवीत बसते. २५ टक्के आरक्षणाच्या जागा मात्र प्रवेशस्तरावरच असतात. चौथी-पाचवीत त्यांची अपेक्षा पालकांना धरू देऊ नये.

जनरल रजिस्टरमध्ये आधीच्या शाळेच्या रकान्यात ‘यापूर्वी शाळेत दाखल नाही, घरी शिक्षण, आरटीई कलम ४ नुसार प्रवेश’ असे सरळ लिहावे. तिथे ओळखीच्या शाळेचे नाव टाकणे किंवा ‘चौथी उत्तीर्ण’ लिहिणे म्हणजे पुढच्या प्रत्येक दाखल्यात खोटे उतरवणे. जन्मतारीख जन्मदाखल्यावरून अंकी आणि अक्षरी लिहावी. युडायस प्लसवर नवीन नोंद करण्याआधी मूल ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये (शाळा सोडलेल्या मुलांच्या यादीत) आहे का ते पाहावे. पूर्वी शाळेत असलेले मूल तिथूनच घ्यायचे असते, नाहीतर एका मुलाच्या दोन नोंदी होतात आणि आधार पडताळणीत दोन्ही अडकतात. आधारवरचे नाव आणि रजिस्टरमधले नाव एका काना-मात्रेने जरी वेगळे असले, तरी पालकांना पहिल्याच आठवड्यात सांगावे.

मागे पडलेल्या मुलाला विशेष प्रशिक्षण द्यायचे असते. ते किमान तीन महिने, जास्तीत जास्त दोन वर्षे चालते. मूल त्याच्या वयाच्या वर्गातच बसते. २०१९च्या दुरुस्तीनंतर पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. नापास झाल्यास दोन महिन्यांत पुनर्परीक्षा, आणि तीही न जमल्यास त्याच वर्गात ठेवता येते. त्यामुळे जानेवारीत थेट पाचवीत किंवा आठवीत येण्यापेक्षा चौथी, सहावी किंवा सातवीच्या जूनमध्ये येणे मुलाच्या हिताचे, आणि हे पालकांना आधीच सांगितले पाहिजे. परदेशातून परतलेल्या कुटुंबांना आणखी एक गोष्ट सांगावी: २०२०च्या कायद्याने राज्यातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची आहे. घरी इंग्रजीतून शिकलेल्या मुलाला पहिल्या दिवसापासून लिपीचा सराव लागतो.

पहिल्या महिन्यात वर्गशिक्षकाने मुलाचे फळ्यावरून उतरवून घेणे पाहावे. घरी मजकूर नेहमी हातभर अंतरावर असतो. फळ्याकडे बघायचे, चार शब्द लक्षात ठेवायचे, वहीत लिहायचे, पुन्हा ओळ शोधायची, ही सवय त्याला नसते. तासिका संपते तेव्हा वहीत तीनच ओळी असतात आणि मूल ‘येत नाही’ या यादीत जाते. त्याला दुसऱ्या बाकावर बसवावे, पहिले दोन आठवडे निम्माच मजकूर लिहायला सांगावा, उरलेला शेजाऱ्याच्या वहीवरून पूर्ण करू द्यावा. तिसऱ्या आठवड्यातही वेग तोच राहिला तर आधी डोळे तपासून घ्यायला सांगावे. घरी जवळूनच वाचणाऱ्या मुलाचा चश्मा बरेचदा शाळेतच पहिल्यांदा लक्षात येतो.