काडतुसातली बॉबी

भाचा ॲरिझोनाहून महिनाभरासाठी नौपाड्यात आला आणि तिसऱ्याच दिवशी दुपारी, बाहेर मे महिन्याचं ऊन, वर पंखा पाचवर, तरी घाम, अशात मला म्हणतो, मावशी तू केमिस्ट ना, मग सांग माझ्या रायफलला पावडर कुठली घेऊ? आता मी जवळजवळ तीस वर्षं ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कंपनीत क्वालिटी कंट्रोलला काढली, दाण्यांची साइज बघणं हेच काम, चाळण्या हलवून उजवा खांदा गेला, पण रायफलीची पावडर काही कधी हातात धरली नव्हती. म्हटलं आधी नीट सांग, करतोस काय तू तिकडे.

तर तो टार्गेट शूटिंग करतो आणि काडतुसं घरीच भरतो. एकदा उडालेली पितळी पुंगळी उचलून आणायची, साफ करायची, परत मापात दाबायची, खाली नवा प्रायमर, म्हणजे ठिणगी पाडणारी टिकली, आत मोजून पावडर आणि वर गोळी. तिकडे हा हजारो लोकांचा छंद आहे, त्याला हॅंडलोडिंग म्हणतात, दुकानात पावडरचे डबे मिळतात. आपल्याकडे हे डोक्यातही आणू नका, आर्म्स ॲक्ट १९५९ प्रमाणे लायसन्सशिवाय काडतूस बनवणं सरळ गुन्हा आहे. पण त्यामागचं विज्ञान वाचायला कुणाची परवानगी लागत नाही, आणि ते मला इतकं आवडलं की दोन दिवस मी त्याच्याच मागे होते.

त्याने मोबाइलवर यादी दाखवली, शंभरावर पावडरी, सगळ्यात भरभर जळणारी वर आणि सगळ्यात सावकाश जळणारी खाली. म्हणाला, यातली सगळ्यात पॉवरफुल कुठली? मी म्हटलं अरे तुझा प्रश्नच चुकलाय. वजनाला वजन धरलं तर या सगळ्यांमधली एनर्जी थोड्याफार फरकाने सारखीच, मूळ माल एकच, नायट्रोसेल्युलोज, कधी त्यात नायट्रोग्लिसरीन. फरक आहे तो ती एनर्जी किती वेळात बाहेर येते याचा. आरतीला कापराची अख्खी वडी ठेवली तर ती आरती संपेपर्यंत टिकते, तीच चुरून टाकली तर भप्पकन ज्योत आणि खेळ खलास. कापूर तोच, वजन तेच.

आणि इथे वेळ म्हणजे किती, तर चाप ओढल्यावर गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत साधारण एक मिलिसेकंद, सेकंदाचा हजारावा भाग. तेवढ्यात आतला दाब चढतो ५०-६० हजार पीएसआयपर्यंत, म्हणजे दर चौरस इंचावर तेवढे पौंड. आपल्या घरच्या कुकरची शिट्टी १५ पीएसआयच्या आसपास उडते, म्हणजे चार हजार पट. हे ऐकल्यावर मी किचनमधल्या कुकरकडे जरा प्रेमाने बघितलं.

आता गंमत अशी की ही पावडर उघड्यावर ठेवून पेटवली तर नुसती जळते, स्फोट नाही. पण बंद जागेत दाब वाढला की तिचा जळण्याचा वेग वाढतो, वेग वाढला की गॅस वाढतो, गॅसने परत दाब, चाळीतल्या भांडणासारखं एकमेकांना चढवत जातं ते. हा दाब आणि वेगाचा नियम मांडणारा फ्रेंच केमिस्ट पॉल व्हिएय, आणि यानेच १८८४ मध्ये पहिली वापरता येईल अशी धूर न होणारी पावडर केली. त्याआधीची काळी बंदुकीची दारू जळल्यावर तिचा निम्म्याहून जास्त भाग घन रूपातच उरायचा, धूर आणि काजळी. काही गोळ्यांतच सगळं बरबटायचं, आपली आपण लोड होणारी रायफल त्यावर काय चालणार कप्पाळ.

भांडण कह्यात ठेवायचं कसं, तर दाण्याच्या आकाराने. हे भाच्याला पटेना म्हणून मी डब्यातून न तळलेल्या बॉबी काढल्या, त्या पिवळ्या नळ्या हो, लहानपणी पाची बोटांत घालून खायचो त्या. आणि शेजारी मूठभर साबुदाणा. म्हटलं बघ, जळणं होतं ते नेहमी पृष्ठभागावर, थराथराने, साबण झिजतो तसं. साबुदाण्याचा दाणा बाहेरून जळत आत गेला, त्रिज्या निम्मी झाली की पृष्ठभाग राहिला पाव. म्हणजे सुरुवातीला भरपूर गॅस आणि मग पुढे पुढे कमी, नेमकं उलटं, कारण गोळी पुढे सरकते तशी मागची जागा वाढत जाते आणि गॅस जास्त लागतो. आता बॉबी घे. बाहेरून जळून ती बारीक होते पण त्याच वेळी आतून भोक मोठं होतं, बाहेरचा पृष्ठभाग जेवढा घटला जवळजवळ तेवढा आतला वाढला, शेवटपर्यंत गॅस एकसारखा. रायफलीच्या कित्येक पावडरी अशाच असतात, मिलिमीटर-दीड मिलिमीटरच्या इवल्याशा बॉबी, मधे सुईने पाडल्यासारखं भोक. तोफेच्या दाण्याला तर सात भोकं पाडतात, तिथे पृष्ठभाग जळता जळता वाढतच जातो. भाच्याने एक बॉबी डोळ्याला लावून पंख्याकडे बघितलं आणि म्हणाला, माझ्या डब्यात हेच आहे की!

साबुदाण्यासारखी गोल पावडर पण असते, तिला बॉल पावडर म्हणतात, १९३० च्या दशकात अमेरिकेत निघाली. पाण्यात बनवतात म्हणून करायला सुरक्षित, झटपट आणि स्वस्त, आणि मापातून रव्यासारखी सर्रकन ओतली जाते, बॉबीवाली मात्र मापाच्या कडेला अडकते आणि कुटकन तुटते. गोल दाण्याची खोड झाकायला त्याच्यावर सुरुवातीचं जळणं मंदावणारं कोटिंग मुरवतात, काही वेळा दाणे लाटून चपटे करतात.

इथपर्यंत कुठल्याही रायफलीचं झालं. भाच्याची मात्र सेमी-ऑटोमॅटिक. आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर दिसते ती एसएलआर, म्हणजे सेल्फ लोडिंग रायफल, तीच जात, एकदा चाप ओढला की एक गोळी आणि पुढची आपोआप आत. हे आपोआप कोण करतं? तर तीच पावडर. नळीला एका ठिकाणी बारीक भोक असतं, गोळी ते ओलांडून पुढे गेली की मागचा थोडा गॅस त्यातून सटकतो आणि पिस्टन किंवा बोल्टला, म्हणजे काडतुसाला मागून बंद करून धरणाऱ्या तुकड्याला, ढकलतो, बोल्ट मागे येतो, रिकामी पुंगळी बाहेर, स्प्रिंगने परत पुढे जाताना नवं काडतूस आत. म्हणजे पावडरला दोन नोकऱ्या. पहिली गोळी ढकलायची, आणि दुसरी, गोळी त्या भोकापाशी पोचेल त्या क्षणी तिथे ठरलेला दाब हजर ठेवायचा, कमी नको जास्त नको. हाताने बोल्ट ओढायच्या रायफलीला ही दुसरी नोकरीच नाही, म्हणून तिला यादीतल्या बऱ्याच पावडरी चालतात आणि सेमी-ऑटोला मधलीच थोडी.

भाच्याकडे दोन रायफली. एक गॅरंड, १९३६ मध्ये अमेरिकन लष्कराने घेतलेली, दुसऱ्या महायुद्धातली प्रसिद्ध एम-वन. हिचं भोक नळीच्या पार टोकाशी, तोंडापासून दीडेक इंचावर, आणि तिथून मागे बोल्टपर्यंत एक लांबलचक वाकडा दांडा, ऑपरेटिंग रॉड. आता सावकाश जळणारी पावडर घेतली की गोळी टोकाशी आली तरी दाब चांगलाच शिल्लक, तो सगळा त्या दांड्यावर, आणि दांडा वाकतो. गंमत म्हणजे चेंबरमधला, काडतूस बसतं त्या जागेतला, सगळ्यात जास्त दाब अगदी नियमात असू शकतो, गोळीचा वेगही छान, सगळं सेफ वाटतं आणि तिकडे दांडा वाकलेला. म्हणून गॅरंडवाले मधल्या वेगाची पावडर धरून बसतात, आयएमआर ४८९५ हे त्यातलं पेटंट नाव, युद्धात गॅरंडची काडतुसं याच पावडरीने भरली जायची. युद्ध संपल्यावर तिचा उरलेला साठा ब्रूस हॉजडन नावाच्या माणसाने विकत घेऊन लोकांना विकला आणि त्यातून हॉजडन ही पावडरची मोठी कंपनी उभी राहिली.

दुसरी रायफल एआर-१५, अमेरिकन लष्कराच्या ऑटोमॅटिक एम-सोळाची नागरी बहीण, आणि हिच्यावरूनच तो किस्सा, जो मी भाच्याला दोनदा सांगितला कारण पहिल्यांदा तो मोबाइल बघत होता. एम-सोळा तयार केली, तपासली ती आयएमआर ४४७५ या बॉबीवाल्या पावडरीवर. पण लष्कराला गोळीचा वेग हवा होता सेकंदाला ३२५० फूट, आणि तो गाठताना या पावडरीने चेंबरचा दाब मर्यादेत ठेवणं कारखान्यात लाखांनी माल काढताना जमेना. म्हणून १९६४ मध्ये डब्ल्यूसी ८४६ या बॉल पावडरला मंजुरी मिळाली. कागदावर उत्तम, वेग मिळाला आणि कमाल दाबही मर्यादेत. पण ती सावकाश जळणारी, म्हणून भोकापाशी दाब जास्त. आधी सलग उडवताना मिनिटाला ७००-८०० गोळ्यांच्या आसपास चालणारी रायफल त्याच्याही वर पळायला लागली, बोल्ट वेळेआधी उघडायला लागला.

आता जवळून बघा काय होतं ते. दाबाने पितळी पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटलेली असते, दाब उतरला की ती जरा आकसते आणि मग सुटते. भाकरी तव्यावरून सुटायच्या आधीच उलथनं घातलं तर काय होतं? कडा तुटून हातात येते. इथेही तेच, बोल्टच्या आकड्याने पुंगळीची कड ओढली, कड फाटली आणि पुंगळी आतच अडकली. त्यात त्या बॉल पावडरमध्ये आम्ल मारायला कॅल्शियम कार्बोनेट घातलेलं, म्हणजे खडूच, त्याचं कीट गॅसच्या नळीत बसायचं. त्यात व्हिएतनामची दमट हवा, चेंबरला क्रोमचा मुलामा नाही म्हणून गंज, आणि सैनिकांना सफाईचं सामान धड दिलेलं नाही. ऐन लढाईत लोकांच्या रायफली जॅम झाल्या, अमेरिकन काँग्रेसच्या उपसमितीने १९६७ मध्ये चौकशी केली आणि पावडर बदलण्यावर चांगलेच ताशेरे ओढले. मग बोल्टचा धक्का झेलणारा नवा जड बफर आला, क्रोमचा मुलामा आला, खडू कमी केलेली पावडर आली. मी क्वालिटी कंट्रोलची बाई, मला यात सगळ्यात काय टोचलं तर मालाच्या स्पेसिफिकेशनमध्ये वेग आणि दाब दोन्ही पास होते. आमच्याकडेही एकदा असंच झालं होतं, सप्लायर बदलला, सगळ्या टेस्ट पास आणि माल मशिनमध्ये गेला की गुठळ्या, कारण जे मोजायला हवं होतं ते कुणी मोजतच नव्हतं.

आणि एआरमध्ये पण परत प्रकार आहेत हां, लांब नळीच्या रायफलीत भोक चेंबरपासून १२-१३ इंचांवर आणि आखूड कार्बाइनमध्ये ७-८ इंचांवर. तेच काडतूस, तीच पावडर, पण जवळच्या भोकाशी गॅस अजून तापलेला, दाब कितीतरी जास्त, म्हणून एकीला मानवलं ते दुसरीला मानवेलच असं नाही. आपली इशापूरच्या कारखान्यात बनलेली एसएलआर याबाबतीत शहाणी, तिच्या गॅसला रेग्युलेटर आहे, फिरवून जास्तीचा गॅस बाहेर सोडता येतो, शेगडीची ज्योत कमीजास्त करावी तसं. भाच्याच्या दोन्ही रायफलींना मूळचं असलं काही नाही, तिथे रेग्युलेटर म्हणजे पावडरचा डबाच.

मग उन्हाचा विषय निघाला. पावडर गरम असली की जोरात जळते, दाब वाढतो. ॲरिझोनात भर दुपारी गाडीत ठेवलेली काडतुसं आणि हिवाळ्यात सकाळी उडवलेली, दोन्हीत फरक पडणारच, म्हणून तापमानाला कमी दाद देणाऱ्या पावडरी काढल्यात, त्यातली व्हार्गेट बनते ऑस्ट्रेलियात आणि विकली जाते अमेरिकेत. भाचा म्हणाला ती जरा महाग आहे. मी म्हटलं गोखले रोडवर दोनशे रुपयांचा चष्मा घेऊन उन्हात डोळे चोळत बसणाराच ना तू.

एक गोष्ट मी त्याला दरडावून सांगितली. ती वरून खाली लावलेली यादी नुसता क्रम दाखवते, दोन शेजारच्या नावांत अंतर किती ते सांगत नाही, शिवाय पुंगळी बदलली की क्रमही थोडा इकडेतिकडे होतो. म्हणून शेजारचं नाव दिसलं म्हणून त्याचं माप याला लावायचं नाही, प्रमाण घ्यायचं ते पावडर कंपनीने स्वतः दाब मोजून छापलेल्या पुस्तकातलंच, आणि गॅरंडसाठी काही पुस्तकांत वेगळं पान असतं, ते बघायचं. ही पावडर मोजतात ग्रेनमध्ये, एक ग्रेन म्हणजे ६४.८ मिलिग्रॅम, आमच्या लॅबमधल्या काट्याला शोभेल असं काम. ग्रेन म्हणजे दाणा नव्हे हं, वजन आहे ते, भाच्याच्या एका मित्राला हे बरेच दिवस माहीत नव्हतं म्हणे.

शेवटी ठरलं असं की गॅरंडला ४८९५ आणि एआरला व्हार्गेट, एआरमध्ये मापातून ओतताना अडकली तर अडकली. तो परत गेला. पंधरा दिवसांनी फोटो आला, वाळूत त्याच्या उजव्या हाताला जरा मागे पितळी पुंगळ्या, सगळ्या एका छोट्या चटईएवढ्या जागेत पडलेल्या. एआरमध्ये गॅस जास्त झाला की त्या लांब पुढच्या बाजूला भिरकावल्या जातात, कमी झाला की पायाशीच पडतात किंवा बाहेरच येत नाहीत. खाली लिहिलं होतं, मावशी, कडा बघ. फोटो मोठा करून एकेक कड बघितली, एकही फाटलेली नव्हती.