चेकने दिलेलं दान आणि गिफ्ट कोणत्या वर्षात धरतात (अमेरिका)

अमेरिकेत टॅक्सचं वर्ष बहुतेकांसाठी ३१ डिसेंबरला संपतं, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात लिहिलेला चेक या वर्षातला की पुढच्या हा घोळ दरवर्षी होतो, आणि गंमत म्हणजे चेक कोणाला दिलाय त्यावर उत्तर बदलतं.

चॅरिटीला दिला असेल तर सोपं आहे. पोस्टाच्या पेटीत टाकला त्याच दिवशी दान झालं, संस्थेने तो जानेवारीत भरला तरी चालतं, फक्त नंतर रीतसर वटला पाहिजे. पुढची तारीख टाकलेला चेक मात्र या वर्षात धरत नाहीत. क्रेडिट कार्डाने दिलं तर कार्डावर रक्कम पडली ती तारीख, बिल कधी का भरा ना. २५० डॉलर किंवा जास्त असेल तर संस्थेचं लेखी पत्र लागतंच, नुसत्या वटलेल्या चेकवर भागत नाही.

मुलाला-नातवाला दिलेल्या चेकचं तसं नाही, कारण तो वटेपर्यंत देणारा बँकेला सांगून थांबवू शकतो, म्हणजे पैसे अजून त्याच्याच ताब्यात. मेट्झगर खटल्यात १९८५ च्या डिसेंबरात दिलेले चेक ३१ तारखेला भरले आणि वटले जानेवारीत, आयआरएस म्हणजे तिथलं टॅक्स खातं म्हणालं हे १९८६ चं गिफ्ट, पण १९९४ मध्ये अपील कोर्टात आयआरएस हरलं. मग १९९६ मध्ये त्यांनीच ९६-५६ नंबरचं रूलिंग काढलं: चेक बिनशर्त दिलेला हवा, घेणाऱ्याने त्याच वर्षात भरायला हवा, बँकेने पहिल्याच वेळी पास करायला हवा आणि पास होताना देणारा जिवंत हवा, तर भरल्याच्या दिवशी गिफ्ट झालं.

गिफ्ट टॅक्स देणाऱ्याला लागतो, आणि त्यातून २०२५ ला घेणाऱ्या प्रत्येक माणसामागे वर्षाची १९,००० डॉलरची सूट होती. नातवाने तेवढ्याचा चेक जानेवारीपर्यंत ड्रॉवरमध्ये ठेवला तर ती सूट वाया, आणि आजोबांनी नव्या वर्षात पुन्हा मोठा चेक दिला की दोन्ही एकाच वर्षात पडतात. टॅक्स लगेच लागतोच असं नाही, पण गिफ्ट टॅक्सचा फॉर्म ७०९ भरा आणि आयुष्यभराच्या सवलतीतून रक्कम वजा. त्यामुळे चेकबरोबर नातवाला बँकेपर्यंत सोडायलाही जावं हे बरं.

जिवंत असण्याची अट कागदावर किरकोळ वाटते पण डीमथ इस्टेटच्या (इस्टेट म्हणजे माणसामागे उरलेली मालमत्ता) खटल्यात तीच नडली. २०१५ च्या सप्टेंबरात मुलाने वडिलांच्या वतीने घरच्यांना एकूण ४,६४,००० डॉलरचे ११ चेक लिहिले, पाच दिवसांत वडील गेले, तोवर वटला होता एकच, आणि मृत्यूआधी न वटलेल्या चेकचे पैसे वडिलांच्या इस्टेटीतलेच असं कोर्टाने ठरवलं.