भालजी पेंढारकर आणि बेळगावचा सीमाभाग

भालजी पेंढारकर (मृत्यू २६ नोव्हेंबर १९९४) हे मराठी ऐतिहासिक चित्रपटाचे प्रमुख दिग्दर्शक. कोल्हापूर ही त्यांची जन्मभूमी आणि कर्मभूमी. निपाणी-चिकोडीपासून बेळगावपर्यंतच्या मराठी माणसांसाठी कोल्हापूर म्हणजे बाजारहाट, सोयरिकी आणि अंबाबाईचे दर्शन. भालजींनी पडद्यावर आणलेला शिवकाळ या भागाला आपल्याच घरचा वाटला तो त्यामुळे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, तरी ही ओढ कमी झाली नाही.

त्यांची सुरुवात मूकपटांच्या काळातली. ‘वंदेमातरम् आश्रम’ (१९२७) या मूकपटाला ब्रिटिश सेन्सॉरची कात्री लागली, तर ‘श्यामसुंदर’ (१९३२) या बोलपटाने मुंबईत रौप्यमहोत्सव केला. पुढे ‘नेताजी पालकर’ (१९३९), ‘थोरातांची कमळा’ (१९४१), ‘बहिर्जी नाईक’ (१९४३), ‘छत्रपती शिवाजी’ (१९५२) आणि ‘मराठा तितुका मेळवावा’ (१९६४) अशी ऐतिहासिक चित्रपटांची मालिकाच झाली. १९५२ च्या चित्रपटात चंद्रकांत मांडरे शिवाजी महाराज झाले होते.

या नावांतच भालजींची दृष्टी दिसते. सरनौबत, हेर, सरदारघराणी यांच्या अंगाने त्यांनी स्वराज्य सांगितले. महाराजांइतकीच त्यांच्यासाठी जीव टाकणारी माणसे त्यांना महत्त्वाची वाटत. कथा-संवाद ते स्वतः लिहीत, गीते ‘योगेश’ या नावाने. भव्य सेटपेक्षा संवादाच्या धारेवर त्यांचा भरवसा अधिक होता, आणि त्यांच्या चित्रपटांचे खरे बळही तेच आहे.

सीमाभागाने त्यांना दिलेली सर्वांत मोठी देणगी म्हणजे अभिनेत्री सुलोचना. त्यांचा जन्म १९२८ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील खडकलाट येथे झाला. आधी मास्टर विनायकांच्या प्रफुल्ल पिक्चर्समध्ये आणि ती संस्था मुंबईला गेल्यावर कोल्हापुरातच भालजींच्या जयप्रभा स्टुडिओत त्या आल्या. अंगी गावरान बोली, मागे शिक्षणाचे पाठबळ नाही. वाचन, पाठांतर, शब्दोच्चार अशी सगळी तालीम भालजींनी करून घेतली आणि सुलोचना हे नावही दिले. पुढे ‘मराठा तितुका मेळवावा’मध्ये त्या जिजाऊ झाल्या. खडकलाटची मुलगी जिजाऊंच्या रूपात पडद्यावर उभी राहिली, याचा अभिमान या भागाने बाळगावा असाच आहे. सुलोचनाबाई मात्र अखेरपर्यंत भालजींना गुरू मानत राहिल्या. २००९ चा महाराष्ट्र भूषण पुरस्कार त्यांना मिळाला.

भालजी हिंदुत्ववादी विचारांचे होते. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतर उसळलेल्या दंगलीत जयप्रभा स्टुडिओ जाळण्यात आला. त्यात जळालेला ‘मीठभाकर’ हा चित्रपट पुन्हा चित्रित करावा लागला. कर्जाचा डोंगर झाला, तरी कोल्हापूर सोडून त्यांनी मुंबई धरली नाही. हा निर्णय नसता तर कोल्हापूरच्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या किती कलावंतांना चित्रपटाचे दार उघडले असते, अशी शंका येते. ‘मोहित्यांची मंजुळा’पासून ‘तांबडी माती’पर्यंत लता मंगेशकरांनी ‘आनंदघन’ या नावाने त्यांच्या चार चित्रपटांना संगीत दिले. ‘तांबडी माती’ (१९६९) हा दादा कोंडके यांचा पहिला चित्रपट. १९९१ चा दादासाहेब फाळके पुरस्कार भालजींना देण्यात आला.

बेळगावात शिवजयंती तिथीने, वैशाख शुद्ध द्वितीयेला होते. तिला जोडून निघणारी चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते. मंडळांची पोरे मावळ्यांच्या वेशात अफजलखानवध, आग्र्याहून सुटका, राज्याभिषेक असे सजीव देखावे सादर करतात आणि ध्वनिक्षेपकावरून संवाद घुमत असतात. भारदस्त, छोट्या वाक्यांची, शेवटी गर्जनेकडे झेपावणारी ही भाषा भालजींच्या संवादांच्या जवळची आहे.

या इतिहासातली एक बाजू मात्र भालजींच्या चित्रपटांत आली नाही. १६७८ मध्ये कर्नाटकच्या मोहिमेवरून परतताना मराठी फौजेने आजच्या बेळगाव जिल्ह्यातील बेलवडीला वेढा घातला आणि तिथल्या देसाईण मल्लम्माने काही आठवडे गढी झुंजवली. गढी पडल्यावर तिच्याशी गैरवर्तन करणाऱ्या मराठी सरदार सखूजी गायकवाडला महाराजांनी कडक शिक्षा दिल्याचे सांगतात. मराठी आणि कन्नड दोन्ही घरांत सांगता येईल अशी ही कथा आहे. ती भालजींच्या हातून पडद्यावर यायला हवी होती.