‘पोलीस स्टोरी’ (१९८५) आज लावावा का? : खेळ ठरवण्याआधी वाचायचं माहितीपत्रक

सोसायटीचं स्नेहसंमेलन असो, कॉलेजचा फिल्म क्लब असो किंवा गणपतीतली एखादी मोकळी संध्याकाळ. पडदा, प्रोजेक्टर आणि स्पीकर घेऊन आम्ही येतो, चित्रपट आपण निवडता. निवडीच्या वेळी एका नावावर हमखास वाद होतो: जॅकी चॅनचा ‘पोलीस स्टोरी’. ज्यांनी तो भाड्याच्या व्हिडिओ कॅसेटवर पाहिलाय त्यांना तोच हवा असतो. त्यांच्या मुलांना वाटतं, इतका जुना चित्रपट म्हणजे झोपेची सोय. दोन्ही बाजू आम्हालाच विचारतात, म्हणून हे पत्रक.

आमचं उत्तर आधीच सांगतो. लावा. मारामारी, धावपळ आणि अंगविक्षेपांचा विनोद यांत तो आजही बहुतेक नव्या चित्रपटांना भारी पडतो. कथा बेताची आहे. बायकांची पात्रं मात्र आज बघवत नाहीत, आणि हे प्रेक्षकांना आधी माहीत असलेलं बरं.

हा चित्रपट आला कुठून?

त्याच वर्षी जॅकी चॅनचा एक अमेरिकी पोलीसपट आला होता. दिग्दर्शक अमेरिकी, मारामारी अमेरिकी पद्धतीची. जॅकीला ना ती पद्धत पटली, ना झालेला चित्रपट. हाँगकाँगला परतून त्यानं गोल्डन हार्वेस्ट या कंपनीसाठी आपल्या मनासारखा पोलीसपट काढला. दिग्दर्शन त्याचं, पटकथेत वाटा त्याचा, नायक तोच, आणि शीर्षकगीतही त्यानंच गायलं. तेव्हा तो ३१ वर्षांचा होता. पुढच्या वर्षी हाँगकाँग फिल्म अवॉर्ड्समध्ये सर्वोत्तम चित्रपटाचा पुरस्कार ह्यालाच मिळाला. मारामारीच्या चित्रपटाला असा मान सहसा मिळत नाही.

गोष्ट अशी: इन्स्पेक्टर चॅन का-कुई (म्हणजे जॅकी) हा चु ताओ नावाच्या अमली पदार्थांच्या बड्या व्यापाऱ्याला पकडतो. खटल्यात त्याच्या सेक्रेटरीची, सेलिनाची, साक्ष लागणार असते, म्हणून तिच्या संरक्षणाची जबाबदारी का-कुईवर येते. खटला फसतो. का-कुईची बदली दूरच्या चौकीत होते, पुढे त्याच्यावर खुनाचा आळ येतो, आणि शेवटी सगळे एका शॉपिंग सेंटरमध्ये एकमेकांवर तुटून पडतात. गोष्टीचं काम एवढंच, की एका मारामारीपासून दुसरीपर्यंत आपल्याला नेऊन सोडायचं. ते ती करते.

जे अजिबात शिळं झालेलं नाही

पहिली दहा-पंधरा मिनिटं उशिरा येणाऱ्यांच्या हातून जातात आणि आम्हाला दरवेळी वाईट वाटतं. डोंगरउतारावरच्या झोपडपट्टीत पोलिसांनी सापळा लावलेला आहे, तो फसतो, गोळीबार सुरू होतो. चु ताओची माणसं गाडीत बसतात आणि रस्ता सोडून थेट झोपड्यांमधून गाडी खाली घालतात. का-कुई दुसरी गाडी घेऊन त्यांच्या मागे. पत्रे, बांबू, फळ्या उडताहेत, वाटेतली माणसं जीव मुठीत घेऊन बाजूला उड्या मारताहेत. संगणकावर तयार केलेलं यात काही नाही. गाड्या खऱ्या, उतार खरा, आणि खाली पोचेपर्यंत त्या गाड्यांचं जे व्हायचं ते होतंच.

ते संपतं न संपतं तोच डबलडेकर बस येते. का-कुई छत्रीची मूठ खिडकीला अडकवून चालत्या बसला लोंबकळतो. आतले गुंड त्याला झटकून टाकायला बघतात, तो पुन्हा चिकटतो. मूकपटांची आवड असलेल्यांना इथे बस्टर कीटन आठवेल. १९२२ च्या एका लघुपटात तो धावत्या मोटारीला एका हातानं पकडतो आणि आडवा होऊन उडत जातो. कीटन आणि हॅरॉल्ड लॉइड हे आपले गुरू असल्याचं जॅकी चॅन कधीच लपवत नाही.

शेवटी का-कुई बसच्या पुढे जाऊन रस्त्यात उभा राहतो आणि पिस्तूल रोखतो. बस करकचून थांबते, वरच्या मजल्यावरचे गुंड समोरची काच फोडून बाहेर फेकले जातात. ते समोरच्या मोटारीवर पडायचे ठरलं होतं. अंदाज चुकला, आणि ते सरळ रस्त्यावर आदळले. पडद्यावर आपण तेच बघतो.

हे सगळं डोळ्यांना इतकं स्वच्छ का दिसतं, ते सांगायला हवं. आजच्या बऱ्याच चित्रपटांत मारामारी सुरू झाली की कॅमेरा हलायला लागतो आणि दर सेकंदाला दृश्य तुटतं. कुणी कुणाला कुठे मारलं ते कळतच नाही, नुसता आवाज येतो. बहुतेक वेळा त्यामागचं कारण साधं असतं: नटाला ते करता येत नाही, म्हणून लपवावं लागतं. इथे लपवण्यासारखं काही नाही. कॅमेरा मागे उभा, माणूस डोक्यापासून पायापर्यंत चौकटीत, आणि एकाच दृश्यात फटका निघतो, लागतो आणि समोरचा कोसळतो. जॅकी आणि त्याचे समकालीन सॅमो हंग, युएन ब्याओ हे लहानपणी हाँगकाँगमधल्या पेकिंग ऑपेराच्या, म्हणजे पारंपरिक चिनी संगीत नाटकाच्या, शाळेत घडले. कोलांट्या, हत्यारं, गाणं, अभिनय, सगळं एकाच तालमीत. म्हणून त्यांच्या मारामारीला ठेका असतो: दोन-तीन झटपट फटके, क्षणभर थांबा, पुन्हा फटके. कान देऊन बघितलं तर तो ताल चक्क मोजता येतो.

शॉपिंग सेंटरचा शेवट तर काचांचाच आहे. शोकेस, जिन्याचे कठडे, दुकानांचे दरवाजे. माणसं त्यांतून आरपार जातात. चित्रपटात वापरतात ती काच ठिसूळ असते, सहज फुटते. इथे ती खरी वाटावी म्हणून नेहमीपेक्षा जाड वापरली गेली. स्टंट करणाऱ्यांनी चित्रपटाचं नावच गमतीनं ‘ग्लास स्टोरी’ करून टाकलं होतं, यावरून काय ते समजा.

आणि मग तो खांब. वरच्या मजल्यावरून का-कुई मोकळ्या चौकात उडी घेतो, दिव्यांच्या माळा गुंडाळलेला उभा खांब पकडतो आणि अनेक मजले घसरत खाली येतो. बल्ब फुटताहेत, ठिणग्या उडताहेत, शेवटी काचेच्या छपरातून तो जमिनीवर. दिवे कमी दाबाच्या विजेवर लावायचे ठरलं होतं, प्रत्यक्षात ते इमारतीच्या मुख्य पुरवठ्याला जोडले गेले. जॅकीचे हात भाजले, पाठीच्या कण्याला मार लागला. चित्रपटात ही उडी वेगवेगळ्या कोनांतून लागोपाठ तीनदा दिसते. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर आम्ही त्याला फुशारकी म्हटलं असतं. इथे एकदा बघून विश्वासच बसत नाही, त्यामुळे तिन्ही वेळा हव्याशा वाटतात.

एक अडचण आहे, आणि ती या चित्रपटाच्या यशातूनच आली आहे. बसपुढे पिस्तूल रोखून उभं राहण्याची कल्पना १९८९ मध्ये हॉलिवूडच्या ‘टँगो अँड कॅश’नं उचलली. झोपड्यांमधून गाडी घालण्याची २००३ च्या ‘बॅड बॉईज टू’नं. त्यामुळे आपल्या तरुण प्रेक्षकांतला एखादा ‘हे तर पाहिलंय’ असं म्हणेल. त्यानं नक्कल पाहिली आहे. अस्सल माल हा.

विनोद: काही चालतो, काही नाही

दूरच्या चौकीत बदली झाल्यावर का-कुई एकटाच ड्यूटीवर असतो आणि सगळे फोन एकदम वाजायला लागतात. एक रिसीव्हर खांद्यात, दुसरा हातात, वायरींचा गुंता आणि समोर नूडल्सचा वाडगा. खुर्चीवरून घसरत तो एका टेबलावरून दुसऱ्यावर जातो, ह्याचं उत्तर त्याला देतो. नाचासारखं बसवलेलं दृश्य आहे. ज्या मुलांनी वायरवाला फोन वापरलेला नाही त्यांनाही ते समजतं. आमच्या एका ग्राहकांच्या नातवानं एवढंच विचारलं होतं, की आजोबा, हा चालत बाहेर का नाही जात? मात्र त्या फोनवरच्या एक-दोन तक्रारी आज विनोदाचा विषय म्हणून ऐकवत नाहीत, हेही खरं. शेणात बूट भरल्यावर तो मायकेल जॅक्सनसारखं मागे घसरत बूट पुसतो, ते मात्र सर्व वयोगटांत चालतं.

आता जे चालत नाही त्याबद्दल. का-कुईची मैत्रीण मे हिचं काम मॅगी चंगनं केलंय. तिला संशय घ्यायला, रुसायला, पडायला आणि तोंडावर केक झेलायला ठेवलंय. याच मॅगी चंगला पुढे १९९२ मध्ये बर्लिनच्या आणि २००४ मध्ये फ्रान्समधल्या कान इथल्या चित्रपट महोत्सवात सर्वोत्तम अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. इतकी मोठी नटी इथे दाराशी ताटकळत ठेवलेली बघून आम्हाला दरवेळी चुटपुट लागते. सेलिनाचं काम करणारी ब्रिजिट लिन तैवानची मोठी तारका. तिला जरा जास्त वाव आहे. पण तिला घाबरवून साक्षीला तयार करावं म्हणून का-कुई आपल्याच सहकाऱ्याला खोटा हल्ला करायला पाठवतो, आणि चित्रपट ते गंमत म्हणून दाखवतो. आज ते पोलिसी दांडगाई वाटते. मालिकेच्या तिसऱ्या भागात, १९९२ मध्ये, मिशेल योह आली आणि स्टंटमध्ये जॅकीच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. ज्यांना मधला भाग खटकेल त्यांनी पुढच्या वेळी तो भाग मागवावा.

पोलीस कोणाचे?

हा भाग कॉलेजच्या फिल्म क्लबांसाठी. खेळानंतर चर्चा ठेवणार असाल तर उपयोगी पडेल.

चित्रपट बनला तेव्हा हाँगकाँग ब्रिटिशांकडे होतं. १९८४ च्या करारानं ते १९९७ मध्ये चीनकडे जाणार हे ठरून गेलं होतं. पोलिसांतल्या लाचखोरीमुळे १९७४ मध्ये तिथे भ्रष्टाचारविरोधी स्वतंत्र आयोग नेमावा लागला होता, ती आठवण लोकांच्या मनात ताजी होती. चित्रपटातला फितूर इन्स्पेक्टर त्याच जगातला. कायदा श्रीमंताच्या वकिलापुढे हरतो, आणि शेवटी का-कुई सगळ्यांसमोर त्या वकिलाला आणि चु ताओला हातानं बडवतो. तिथे टाळ्या हटकून पडतात. कोठडीत, रस्त्यावर पोलीस हात उचलतात त्या बातम्या वाचणाऱ्या प्रेक्षकानं त्या टाळ्यांचं काय करायचं, हा प्रश्न चित्रपट विचारत नाही. आपण विचारू शकता.

हाँगकाँगमध्ये तर हा प्रश्न आणखी बोचरा झाला. २०१९ च्या लोकशाहीवादी आंदोलनात पोलीस आणि रस्त्यावरची तरुण मंडळी समोरासमोर आली, आणि जॅकी चॅननं उघडपणे चीन सरकारची बाजू घेतली. सामान्य माणसाचा लाडका पोलीस ही जी प्रतिमा त्यानं घडवली होती, ती तिथल्या अनेकांना पहिल्यासारखी बघता येत नाही. उड्या तितक्याच थरारक आहेत. उडी मारणाऱ्याबद्दलची माया आटली आहे.

बुकिंगच्या वेळी सांगायच्या गोष्टी

चित्रपट साधारण १०० मिनिटांचा आहे. आम्ही मूळ कँटोनीज आवाज आणि सबटायटल सुचवतो. इंग्रजी डबिंगमध्ये विनोद पार सपाट होतो. ज्येष्ठ मंडळी जास्त असतील तर तसं सांगा, सबटायटल मोठ्या अक्षरांत लावतो आणि पुढच्या खुर्च्या त्यांना ठेवतो.

ओठ आणि आवाज थोडे पुढेमागे दिसतील. आमच्या यंत्रात बिघाड नाही. त्या काळी हाँगकाँगचे चित्रपट मुके चित्रित करून आवाज नंतर भरत, त्यामुळे मूळ भाषेतही तो फरक राहतोच. चित्र रुंद आहे, पडद्याच्या वर-खाली काळ्या पट्ट्या येतील. त्या घालवायला चित्र मोठं करा असं कृपया सांगू नका, कडेला उभा असलेला स्टंटवाला कापला जातो. जुन्या कॅसेटची भुरकट आठवण असलेल्यांना नव्यानं स्वच्छ केलेली ४के प्रत बघून धक्का बसेल, कारण काचेचा प्रत्येक तुकडा वेगळा दिसतो.

घरी बघायला विकत घेतलेली डिस्क किंवा मोबाइलवरचं सबस्क्रिप्शन सार्वजनिक खेळाला चालत नाही. हक्कधारकाची परवानगी वेगळी घ्यावी लागते, आणि त्याला वेळ लागतो. म्हणून तारीख लवकर कळवा.

बारा वर्षांखालच्या मुलांसाठी आम्ही तो सुचवत नाही. रक्त फार नाही, पण माणसं खरोखर आपटतात आणि मुलांना ते करून बघावंसं वाटतं. जिन्याच्या कठड्यावरून घसरणारी मुलं आम्ही पाहिली आहेत.

शेवटचं आणि महत्त्वाचं: नावं यायला लागली की वॉचमनकाका सवयीनं ट्यूबलाइट लावतात आणि लोक चपला शोधायला उठतात. याच नावांबरोबर चित्रीकरणातले फसलेले प्रयत्न आणि अपघात दाखवले आहेत. कोण कसा पडला, कुणाला उचलून नेलं, सगळं. दिवे आम्ही सांगेपर्यंत लावू नयेत, एवढं त्यांना आधी सांगून ठेवा.