मावशीच्या माशांसाठी बॅटरीवरचा पंप

कुडाळला मावशीकडे पावसाळ्यात वीज गेली की ती पाच-दहा मिनिटांसाठी जात नाही. वाऱ्यात कुठेतरी अकेशियाचं झाड तारांवर पडतं आणि मग अर्धा दिवस, कधी अख्खी रात्र अंधार. माणसं निभावून नेतात. टाकीतले सहा गोल्डफिश मात्र काही तासांत पाण्याच्या वरच्या थराशी येऊन तोंडं उघडू-मिटू लागतात. "अरे, तू एवढा सर्किटं जोडत बसतोस, याला एक बॅटरी लावून दे की," असं म्हणत मावशीने टाकीमागचा, पाण्यात हवा सोडणारा जास्तीचा पंप माझ्या पिशवीत कोंबला.

बॅटरी लावता येत नाही, कारण त्या डबीत मोटरच नसते. पिन काढून (हे आधी!) तळाचे स्क्रू सोडवले की आत दिसते लोखंडी पत्र्यांच्या गाभ्यावर गुंडाळलेली तांब्याची कॉइल. तिच्यासमोर एका दांडीच्या टोकाला छोटं लोहचुंबक, आणि त्याच दांडीला अडकवलेला वाटीसारखा रबरी पडदा. घरातल्या २३० व्होल्ट विजेची दिशा सेकंदाला ५० वेळा जाऊन-येऊन पालटते, तसे कॉइलचे ध्रुव पालटतात, चुंबक ओढलं जातं, ढकललं जातं आणि पडदा सेकंदाला ५० वेळा आत-बाहेर होतो. पंपाची घरघर ती हीच. बॅटरीच्या विजेची दिशा पालटतच नाही. ती जोडली तर दांडी एका बाजूला सरकेल आणि तिथेच बसेल.

या यंत्रातला मला सर्वांत आवडणारा भाग म्हणजे पडद्यामागच्या कप्प्यातल्या दोन झडपा. भोकावर टेकलेले रबराचे नखाएवढे तुकडे, बाकी काही नाही. पडदा मागे गेला की एक उघडते, हवा आत येते. पुढे आला की ती मिटते, दुसरी उघडते, हवा नळीत जाते. पेटीच्या भात्यात हेच असतं. भाता उघडताना झडपेतून हवा आत येते, दाबला की झडप मिटते आणि हवेला पुढचीच वाट उरते. फरक इतकाच की पेटीवाला सेकंदाला ५० वेळा भाता मारत नाही.

मग बॅटरीवर चालवायचं कसं? पहिला मार्ग इन्व्हर्टरचा. १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा छोटा इन्व्हर्टर जोडून पाहिला. पंप चालला, पण जास्तच किरकिरत, कारण स्वस्त इन्व्हर्टरची वीज गोलाईदार लाटेऐवजी पायऱ्यापायऱ्यांची असते. शिवाय पंपाला ३ वॅट पुरत होते आणि इन्व्हर्टर नुसता चालू राहण्यासाठीच त्याहून जास्त खात होता. दुसरा मार्ग कॉइल नव्याने गुंडाळायचा. २३० चे १२ व्होल्ट करायचे तर वेढे साधारण एकोणिसाव्या हिश्श्याने, तार त्या मानाने जाड, आणि वर सेकंदाला ५० वेळा दिशा जाऊन-येऊन पालटणारं सर्किट. हे करणारे लोक आहेत. मला तेवढा धीर नाही.

तिसरा मार्ग शेजारच्या काकांच्या माळ्यावर सापडला. त्यांचं रक्तदाब मोजायचं मशीन बंद पडलं होतं, पण त्यातला अंगठ्याएवढा पंप धडधाकट होता. यात खरी डीसी मोटर असते, म्हणजे बॅटरीच्या एकाच दिशेच्या विजेवर फिरणारी. तिच्या आसावर तिरकी पिन, पिनवर एक चकती. मोटर फिरते तशी चकती डोलते आणि खालच्या तीन रबरी वाट्या एकामागून एक दाबत जाते. झडपा त्याच, भाते मात्र तीन.

दाबाची काळजी नव्हती. असा पंप ३०० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास दाब देऊ शकतो, म्हणजे सुमारे ४ मीटर उंचीच्या पाण्याचा भार. मावशीच्या टाकीत एअरस्टोन, म्हणजे हवेचे बुडबुडे करणारा सच्छिद्र दगड, जेमतेम फूटभर खोल. अडचण वेगळीच होती. हा पंप एका वेळी अर्धा-एक मिनिट चालण्यासाठी बनवलेला असतो. रात्रभर पूर्ण ६ व्होल्टवर ठेवला तर तापतो, मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे ब्रश झिजतात. म्हणून त्याला मुद्दाम उपाशी ठेवलं. एकाच लिथियम सेलवर, ३.७ व्होल्टला, माझ्या मीटरने १८० मिलिअँपिअर दाखवले. हवा कमी, पण आवाजही कमी, आणि हाताला लागेल इतकीही ऊब नाही. सेल २६०० मिलिअँपिअर-तासांचा, म्हणजे हिशेबाने १४ तास.

त्यात ५५५ टायमर, म्हणजे ठरावीक वेळाने चालू-बंद करणारी छोटी चिप, घालून पंप अर्धा मिनिट चालू, अर्धा मिनिट बंद केला, की वेळ जवळजवळ दुप्पट. माशांना एवढी विश्रांती चालते. पाण्यात प्राणवायू बुडबुड्यांतून जातोच, पण बराचसा वरच्या हलत्या पृष्ठभागातून मुरतो, आणि विरघळलेला अर्ध्या मिनिटात संपत नाही. एअरस्टोन मात्र चांगला घ्यावा. तेवढ्याच हवेचे सेंटिमीटरभर व्यासाच्या बुडबुड्यांऐवजी मिलिमीटरभराचे केले, तर पाण्याला टेकणारा पृष्ठभाग दहापट होतो. आणि उन्हाळ्यात हात आखडू नये. २० अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच.

आधी मी सेलऐवजी पॉवर बँक लावली होती. पंप थांबला की तिला वाटायचं मोबाईल चार्ज झाला, आणि ती स्वतःच बंद पडायची. टायमर बिघडला समजून मी एक अख्खा रविवार घालवला.

बाकी किरकोळ. टायमरने मोटर थेट चालवू नये, मध्ये एक मॉसफेट, म्हणजे टायमरच्या इशाऱ्यावर जास्त वीज चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, घालावा. मोटरच्या दोन टोकांवर उलटा डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) हवाच, नाहीतर ती बंद होताना उसळणारा व्होल्टेज मॉसफेट मारतो. सेल पार रिकामा होऊ न देणारी संरक्षक पट्टी विसरू नये. नळीत एकदिशा झडप घालावी, कारण पंप पाण्याच्या पातळीखाली असेल तर बंद पडल्यावर टाकीतलं पाणी नळीतून उलटं येऊन थेट मोटरवर. मी आणखी औषधाची एक रिकामी बाटली मध्ये जोडली. पेटीत आतला दुसरा भाता सूर एकसारखा ठेवतो, तसं तिच्यातल्या हवेने झटके सौम्य होतात. माशांना त्याचं काही नाही, मला बरं वाटलं एवढंच. हां, झडप चुकलीच तर पाणी आधी बाटलीत साठतं.

सगळं जेवणाच्या छोट्या डब्यात, स्पंजात गुंडाळून कुडाळला पाठवलं. पहिल्या वादळी रात्री मावशीचा फोन आला. "अरे, याचा आवाजच येत नाही. चालू आहे ना?" म्हटलं, टॉर्च घेऊन पाण्यात बघ. ती गेली, आणि बराच वेळ फोनवर नुसता पाऊस ऐकू येत राहिला.