गझालीने विज्ञान संपवलं? नाही हो!

दर थोड्या दिवसांनी तोच फॉरवर्ड फिरतो, की इमाम गझाली या इस्लामी धर्मपंडिताने गणिताला धर्मविरोधी ठरवलं आणि इस्लामी जगातलं विज्ञान तिथेच संपलं. हे चूक आहे आणि मला ते मनापासून खटकतं.

गझाली वारला 1111 मध्ये. त्याचा वाद होता तत्त्वज्ञांच्या काही मतांशी, गणिताशी नाही. उलट त्याने स्पष्ट लिहिलंय की ग्रहणाचं गणित सिद्ध झालेलं आहे, आणि धर्माच्या नावाने ते नाकारणारा माणूस धर्माचंच नुकसान करतो.

आणि पुढचं बघा ना, 1259 मध्ये इराणात मराग्याची वेधशाळा सुरू झाली, तिथल्या नसीरुद्दीन तूसीने दोन वर्तुळांच्या फिरण्यातून सरळ रेषेतली गती काढून दाखवली, मग चौदाव्या शतकात दमास्कसच्या उमय्यद मशिदीत नमाजाच्या वेळा काढणारा इब्न अल-शातिर, त्याने चंद्राचं जे मॉडेल मांडलं तेच गणिती रूपात युरोपातल्या खगोलशास्त्रज्ञ कोपर्निकसकडे दिसतं, तेही दीडेकशे वर्षांनी! मशिदीतली नोकरी आणि हे काम, दोन्ही एकाच माणसाचं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

1424 मध्ये समरकंदला गणिती अल-काशीने पायची (π, म्हणजे वर्तुळाचा परीघ भागिले व्यास) किंमत 16 दशांश स्थळांपर्यंत अचूक काढली. तिथल्याच राज्यकर्त्या उलुगबेगची ग्रहताऱ्यांची कोष्टकं पुढे अठराव्या शतकात जयपूरच्या सवाई जयसिंगाने वापरली.

उतरती कळा नंतर आलीच, पण ती वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या वेळी आली, तिचं खापर एका माणसावर फोडता येत नाही.