अबोला आणि ब्रेक: दिसायला सेम, पण एक नाही

भांडण झालं की मी गप्प होतो आणि सरळ घराबाहेर पडतो, आणि लग्नानंतर बरीच वर्षं मला वाटायचं हा माझा मोठेपणा आहे. आवाज चढवला नाही, ताट आपटलं नाही, अजून काय पाहिजे? बायकोचं म्हणणं, ओरडला असतास तर परवडलं असतं, निदान काय झालंय ते तरी कळलं असतं.

मी जे करत होतो तो अबोला होता, आणि मी त्याला ‘डोकं शांत करणं’ म्हणत होतो. लांबून दोन्ही सारखंच दिसतं, माणूस बोलत नाहीये एवढंच. पण ब्रेक घेणारा सांगून जातो की आत्ता माझ्याकडून वाकडं काहीतरी बोललं जाईल, अर्ध्या तासात येतो, मग बोलू. अबोल्याला वेळ नसतो, तो समोरच्याने हार मानेपर्यंत चालतो.

आमच्या वसईत अजून बऱ्याच घरात संध्याकाळी रोझरी होते, म्हणजे ख्रिस्ती लोकांची माळेवरची प्रार्थना. अबोला चालू असला तरी होते बरं का! त्यातल्या ‘नमो मरिया’ या प्रार्थनेचा पहिला अर्धा मी म्हणायचो, उरलेला ती, असं पन्नास वेळा एकमेकांना उत्तरं द्यायची आणि क्रूसाची खूण करून उठलं की परत तोंडं दोन दिशेला, आणि मधे पोराला पाठवायचं, पप्पांना सांग जेवायला वाढलंय.

आता भांडणाच्या वेळी ऐकवलं जातं ते बायबलमधलं सूर्य मावळण्याचं वचन, संत पौलाचं इफिसकरांस पत्र 4:26. राग येऊच देऊ नका असं त्यात नाहीचे, रागावलात तरी पाप करू नका आणि तो राग सूर्यास्तापलीकडे नेऊ नका असं आहे. पण लोक अर्थ काढतात की सगळा मॅटर आजच्या आज क्लोज, म्हणून मग रात्री एक वाजेपर्यंत दोघं वाद घालत बसतात, आणि पहाटे विरार लोकल पकडायची असते. गंमत म्हणजे पौलाने वचनाचा पहिला भाग घेतलाय बायबलमधल्याच जुन्या स्तोत्र 4 मधून, आणि तिथे लगेच पुढे काय आहे तर अंथरुणात पडून मनात विचार करा आणि गप्प राहा! म्हणजे थांबणं त्यात बसतं. पोप फ्रान्सिस यांनीही 2016 मध्ये कुटुंबावर लिहिलेल्या पत्रात हेच म्हटलंय, दिवस संपायच्या आत समेट करा, आणि त्यासाठी गुडघे टेकायला नकोत, प्रेमाने हात फिरवला तरी पुरे. वादाचा विषय उद्यावर गेला तर जाऊ दे.

शरीराचंही गणित आहे. जॉन गॉटमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने जोडप्यांना भांडणाच्या विषयावर बोलायला बसवून त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. ठोके मिनिटाला 100 च्या वर गेले की समोरचा काय बोलतोय ते डोक्यात शिरतच नाही, खाली यायला निदान 20 मिनिटं लागतात. पण ती 20 मिनिटं ‘आता गेल्यावर असं सुनावतो’ याची प्रॅक्टिस करण्यात घालवली तर काही उपयोग नाही, आणि मी बीचवर चकरा मारत नेमकं तेच करायचो, त्यामुळे जाताना होतो त्यापेक्षा जास्त तापून परत.

एक गोष्ट यातून बाहेर ठेवा. जिथे हात उचलला जातो तिथे ब्रेकही नाही आणि सूर्यास्ताचं वचनही नाही, आधी तिथून निघायचं, महिलांसाठी 181 हेल्पलाइन आहे.

हल्ली मी सांगून जातो, जेवायच्या आत येतो म्हणून. पहिल्यांदा असं म्हटलं तेव्हा ती तोंड फिरवूनच उभी होती, तशीच म्हणाली, येताना कोथिंबीर आण. आणि कधीकधी मी वेळेत येतो तर तिचंच डोकं शांत झालेलं नसतं, अजून थोडा वेळ दे म्हणते, मग मी मोरीत बोंबील साफ करत बसतो.